मंगलाताईंनी दिलेला शब्द

फोन उचलला की मंगलाताई भोईर पहिला प्रश्न एकच विचारायच्या, "किती जणं बसता खेलायला?"

समोरच्या माणसानं फोन केलेला असायचा भलत्याच कामासाठी. खेळातला पत्ता हरवला, फासा कुत्र्यानं गिळला, नियम समजला नाही. पण त्याला आधी घरातली माणसं सांगावी लागायची. मग कोण जिंकतं, कोण रुसतं, कोण मध्येच उठून चहा ठेवायला जातं, हे सगळं. त्यानंतर फासा. कळंबोलीच्या आमच्या छापखान्यात, पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांचं टेबल होतं. पाठमोऱ्या दिसायच्या. घट्ट अंबाडा, त्यात एखादं अबोलीचं वळेसर, खांद्यावरून पुढे घेतलेला पदर आणि कानाला लावलेला काळा फोन. मी त्यांच्या पलीकडच्या टेबलावर नियमपुस्तिका लिहायचो. बारा वर्षं मी त्यांचं अर्धं संभाषण ऐकलं. उरलेलं अर्धं त्या फोन ठेवल्यावर मला ऐकवायच्या.

आमची कंपनी म्हणजे मुळात लग्नपत्रिकांचा छापखाना. दातार साहेबांना पटावरच्या खेळांचं वेड. त्यांनी एक खेळ बसवला, 'खाडीपार'. पनवेलच्या खाडीतून मीठ, भात, सुकी मासळी भरून होड्या मुंबईला न्यायच्या. वारा, भरती, चिखल आणि जकातवाला आडवे येणार. चार होड्या, एक पट, शंभरेक पत्ते. साहेबांना वाटलं होतं, शेपाचशे खोके खपतील आणि हौस फिटेल. पण तो खेळ घराघरांत गेला. मग दुसरा आला, तिसरा आला. पाहता पाहता लग्नपत्रिका बंद झाल्या आणि आम्ही या धंद्यात सगळ्यांत मोठे झालो. दुकानांत एक अख्खी फळी आमच्या खेळांची असायची.

मंगलाताई त्या वेळी खाली पॅकिंगला होत्या. विचुंब्याच्या. माहेर उरणकडचं, मिठागरांवर राबणारं घर. मला त्या पहिल्यांदा दिसल्या त्या हसताना. पॅकिंगच्या बायका जमिनीवर गोल बसून पत्त्यांच्या गड्ड्या बांधत होत्या आणि मंगलाताई एक पत्ता हातात धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. मी नवा होतो आणि पत्ता माझा होता. मी लिहिलेला. म्हणून विचारलं, "काय झालं?"

"ह्ये कोनी लिवला?"

"मी."

"तुमी मीठ कंदी बघितलाव?"

पत्त्यावर होतं, 'श्रावणसरी. मिठाचं पीक दुप्पट.'

"अवो, पावसात मीठ इरगलतो. पीक कुठला याचा? माझा बापूस जेठात राशी झाकून घरी बसायचा. तुमच्या या पत्त्यानं माझ्या बापसाला भर पावसात आगरात उभा केला!" आणि पुन्हा हसल्या. बाकीच्या बायकाही हसल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

तेवढ्यात दातार साहेब आले. त्यांनी पत्ता घेतला, वाचला आणि मशीन थांबवायला सांगितलं. छापलेले ताव बाजूला गेले, नवा पत्ता छापला, 'वैशाखातलं ऊन. मिठाचं पीक दुप्पट.' त्यानंतर साहेबांनी नियमच केला की कुठलाही खेळ छपाईला जाण्याआधी मंगलाताईंसमोर वाचायचा. आणि वर्षभरात त्यांना वर आणून फोनवर बसवलं. "ज्या बाईला आपली चूक दिसते तिनंच लोकांच्या तक्रारी ऐकाव्यात," असं ते म्हणाले होते.

वाचायचा म्हणजे मोठ्यानं वाचायचा. मी नियम वाचत जायचो, त्या डोळे मिटून ऐकायच्या. हात पटावरून फिरायचे, जणू होडी चालवताहेत. जिथं हात थांबला तिथं माझं वाक्य फसलेलं. "मना समजला नाय," एवढंच म्हणायच्या. मी समजावून सांगायला लागलो की हात वर करायच्या. "मना नका सांगू, लेखक. तुमी काय त्या खोक्यात बसून सगल्यांच्या घरी जानार हाव? कागदाला सांगू दे." मला त्या लेखक म्हणायच्या. त्यात किती थट्टा आणि किती आदर, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी छापखान्याच्या कँटीनमध्ये बैठक भरायची. पेणहून, खोपोलीहून, खारघरहून, उरणहून माणसं यायची. आपापले डबे आणायची आणि संध्याकाळपर्यंत खेळायची. मंगलाताईंचा तो सुट्टीचा दिवस, पण त्या यायच्याच. टेबलांमधून हिंडत राहायच्या. कुणाचा चहा पटापासून लांब सरकव, कुणाला बसायला जागा कर. बघायच्या ते माणसांच्या हातांकडे.

त्या बैठकीला रोडपालीचे शिंदे यायचे. लोखंड बाजारात वजनकाट्यावर नोकरी, अबोल माणूस. बायकोबरोबर यायचे आणि नेहमी पिवळी होडी मागायचे. एकदा पिवळी आधीच कुणीतरी घेतली होती, म्हणून त्यांच्या वाट्याला हिरवी आली. दुसऱ्याच डावात त्यांनी बायकोची लाल होडी उचलून पुढे नेली. सगळे हसले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. "शिंदे, चिटिंग करता काय!" म्हणून टेबलावर दंगा झाला. शिंदेही हसले, पण त्यानंतर संपूर्ण खेळभर त्यांनी आपल्या होडीवरचा अंगठा काढला नाही.

मी हे पाहिलं होतं. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मंगलाताई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. हाताच्या पंजावर दोन होड्या ठेवल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "शिंदेभाऊ, यातली हिरवी कुठली?"

शिंद्यांनी दोन्ही होड्या उजेडाकडे नेऊन पाहिल्या. मग म्हणाले, "ताई, दोन्ही मातीच्या रंगाच्या दिसतात."

"लहानपनापासून?"

"हो."

"घरी ठाव हाय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. जन्मभर कपड्यांचे, फळांचे, सिग्नलचे रंग जागेवरून ओळखत आले होते. आमच्या खेळात होड्या जागा बदलायच्या, तिथं त्यांचा हिशेब संपायचा.

मंगलाताईंनी त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी मी आलो तेव्हा त्यांच्या टेबलावर कात्री आणि पुठ्ठ्याच्या होड्यांचा ढीग होता. लाल होडीच्या शिडाला त्या त्रिकोणी खाच पाडत होत्या, हिरवीच्या शिडाला गोल, निळीच्या दोन. पिवळी कोरी. दुपारी त्या ढिगासकट दातार साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब म्हणाले, यासाठी नवा साचा करावा लागेल, शिवाय चित्र बिघडेल. त्या म्हणाल्या, "चित्र बिघडला तरी चालंल. एका मानसाला आमच्या खेलात बसून खोटा बोलावा लागतो हाय."

पुढच्या छपाईपासून आमच्या सगळ्या खेळांच्या सोंगट्यांवर खुणा आल्या. कुणी कौतुक केलं की साहेब म्हणायचे, आमच्या मंगलाताईंची कल्पना. त्या मात्र शिंद्यांचं नाव कधी घ्यायच्या नाहीत. मलाही ते कित्येक वर्षांनी खुद्द शिंद्यांनीच सांगितलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. विक्रीवाले खूश होऊन आकडे सांगायला लागले की त्या फोनवरून मान वळवून म्हणायच्या, "इकला म्हंजे सुटलो, असा नाय."

पोळीचा डबा त्या कधी एकट्या खात नसत. सुकटीची चटणी आणायच्या आणि मी शाकाहारी म्हणून माझ्यासाठी वेगळ्या डबीत वालाचं बिरडं. रागावल्या की बोलणं बंद करून जिऱ्याच्या गोळ्या चघळायच्या. गोळीचा आवाज आला की आम्ही सगळे कामाला लागायचो.

'खाडीपार' जसा जुना होत गेला तसे निराळे फोन यायला लागले. "ताई, आम्ही नवीन पत्ते केलेत, चालेल का?" खोपोलीच्या कुणी घाटाचा पट जोडला होता. पेणच्या कुणी होडीत गणपतीच्या मूर्ती भरल्या होत्या. मंगलाताई सगळ्यांना सांगायच्या, "चालंल की! तुमी घेतलाव, तुमचाच खेल हाय." इतक्या जणांना सांगितलं की शेवटी त्यांनीच साहेबांना म्हटलं, हे पुस्तकातच छापा. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी 'तथापि' आणि 'या अटीच्या अधीन राहून' घालून अर्धं पान केलं. त्यांच्यासमोर वाचलं. हात पहिल्याच ओळीवर थांबला. दहा वेळा खोडून शेवटी जे उरलं ते असं होतं:

'हा खेळ आता तुमचा आहे. त्यात भर घाला, बदल करा, वाटलं तर विका. फक्त आमच्या कंपनीचं चिन्ह त्यावर लावू नका.'

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ते छापलं गेलं आणि आठ-नऊ वर्षं तिथंच राहिलं.

मग दातार साहेबांची तब्येत ढासळली आणि त्यांचा मुलगा समीर कारभार बघायला लागला. समीर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. शिकलेला, शब्दानं गोड, कामगारांच्या मुलांची नावं लक्षात ठेवणारा. त्याला 'खाडीपार' पाच भाषांत काढायचा होता. दुकानांच्या एका मोठ्या साखळीशी बोलणी चालली होती आणि त्यांच्या वकिलांनी अट घातली होती की या खेळावर दुसऱ्या कुणाचाही कसलाही हक्क असता कामा नये. नव्या आवृत्तीतून शेवटच्या पानावरचा मजकूर गेला. इतकंच नाही, ज्यांनी आपापले पत्ते करून विकले होते अशा अकरा मंडळींना नोटिसा पाठवायचं ठरलं.

इंग्रजी नोटीस वकिलांनी लिहिली. मराठी मी केली.

मंगलाताईंना हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही. पलीकडच्या टेबलावर बसून ती नोटीस टाइप केली, त्यांनी दिलेलं बिरडं खाल्लं आणि घरी गेलो.

त्या अकरांपैकी एक होती जागृती कोळी, उरणजवळच्या एका शाळेतली शिक्षिका. आमच्या खेळात होड्या हाकणारे सगळे पुरुष होते, हे तिच्या वर्गातल्या मुलींच्या लक्षात आलं होतं. मग त्या मुलींनी बत्तीस पत्ते काढले. लिलावात बोली लावणारी बाई, जाळं शिवणारी, सुकवायला बोंबील टांगणारी, टोपली घेऊन गावोगाव जाणारी. चित्रं मुलींनी आपल्या आया-आज्यांची काढली होती. संचाचं नाव 'दर्यावरच्या बाया'. जागृती ते बैठकीला विकायला आणायची. मंगलाताईंनी स्वतः पहिला संच घेतला होता.

नोटीस गेल्यानंतर आठवड्यानं मंगलाताईंच्या नावे एक पार्सल आलं. आत 'दर्यावरच्या बाया'चे उरलेले सगळे संच आणि वर वहीच्या कागदाची चिठ्ठी, 'ताई, पंधरा दिवसांत नष्ट करा असं लिहिलंय. माझा हात होत नाही. मुलींसमोर तर नाहीच. तुम्हीच करा.' सोबत आमची नोटीस.

मंगलाताईंनी चिठ्ठी वाचली. नोटीस वाचली. जिऱ्याची गोळी काढली नाही. उठून माझ्या टेबलापाशी आल्या आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"लेखक, ही भाषा तुमची हाय ना?"

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"'सदर पत्ते'. सदर बोलायला तुमी कवा शिकलाव?"

"ताई, मी फक्त भाषांतर..."

"वाचा."

"काय?"

"मोठ्यानं वाचा. मना समजला नाय."

त्या समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. नियम ऐकताना मिटायच्या तसेच. मी वाचायला लागलो. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर पत्ते आमच्या परवानगीविना...' 'परवानगीविना' या शब्दावर त्यांचा हात टेबलावर थांबला. मी वाचत राहिलो. 'नष्ट करून तसे लेखी कळवावे' इथपर्यंत आलो आणि कागद खाली ठेवला. पुढचं वाचता आलं नाही.

त्यांनी डोळे उघडले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "चला," आणि पार्सल माझ्या हातात देऊन समीरच्या खोलीकडे चालायला लागल्या.

समीरनं त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. त्या उभ्याच राहिल्या.

"ताई, मला कळतंय तुम्हाला वाईट वाटलंय," तो म्हणाला. "पण ते शेवटच्या पानावरचं वाक्य होतं. करार नव्हता. बाबांनी मोठ्या मनानं लिहिलं, पण त्याला कायद्यानं काही अर्थ नाही."

"फोनवर कोन सांगत व्हता लोकांना? मी. माझ्या तोंडानं सांगितलाय."

"तेव्हा परिस्थिती वेगळी होती. आता बघा, उद्या कुणी घाणेरडे पत्ते काढले, कुणाच्या जातीवर, कुणाच्या देवावर, आणि आपल्या खेळाचं नाव आलं, तर निस्तरणार कोण?"

हा मुद्दा खोटा नव्हता. मंगलाताईंनी जरा विचार केला.

"तं त्याला थांबवा," त्या म्हणाल्या. "घान करील त्याला नोटीस धाडा, मी सोता टपालात टाकीन. पन या पोरींनी काय घान केली? आपल्या आयशीचा चित्र काढला."

समीर पत्ते उलटसुलट करून बघत होता. मला वाटलं, तो विरघळेल. पण तो म्हणाला, "एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते. यापुढे फोनवर कुणी विचारलं तर आपण परवानगी देत नाही, एवढंच सांगायचं. प्लीज."

"फोन मी उचलीन," मंगलाताई म्हणाल्या. "खोटा सांगनार नाय."

आणि तसंच केलं. पुढचे पंधरा-वीस दिवस जो कुणी विचारी त्याला त्या आधी घरातली माणसं विचारायच्या आणि मग सांगायच्या, "आमी पयले हो बोल्लो व्हतो. पुस्तकात छापला व्हता. आता कंपनी नाय बोलते. तुमच्याकडे जुना खोका असंल तं शेवटचा पान फारू नका, नीट ठेवा." आवाज चढवायच्या नाहीत, कंपनीला नावं ठेवायच्या नाहीत. जे झालं होतं तेवढं सांगायच्या. ते पुरेसं होतं.

एका सकाळी त्यांच्या टेबलावर दुसरी मुलगी बसलेली दिसली. मंगलाताईंना परत खाली पॅकिंगला पाठवलं होतं. मी जिना उतरून गेलो. वयाची अठ्ठावन्न वर्षं झालेली, गुडघे दुखायचे, तरी जमिनीवर मांडी घालून पत्त्यांच्या गड्ड्या बांधत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय लेखक, वर गरम व्हतो काय?" मी म्हटलं, ताई, मी राजीनामा देतो. त्यांनी गड्डीला रबर लावला. "देऊन काय करनार? दुसरा लिवनारा येईल, त्याला सदर आधीपासून येत असंल." मी परत वर आलो.

दुसऱ्या रविवारी बैठकीला नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. खेळ कुणीच मांडला नाही. समीर नव्या आवृत्तीचे नमुने घेऊन आला होता. त्यानं चांगलं भाषण केलं, नव्या पटाची चित्रं दाखवली. खरंच सुंदर होती. बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, कुणाला काही विचारायचंय?

शिंदे उभे राहिले. त्यांना इतक्या माणसांसमोर बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशात हात घालून परत काढला.

"साहेब, खेळ चांगला असणार. पण मी घेणार नाही," ते म्हणाले. "मला रंग दिसत नाहीत. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मंगलाताईंनी ओळखलं आणि खेळ माझ्यासाठी बदलला. म्हणून मला वाटायचं, हे आपलं घर आहे. आता वाटतं, आज हे काढून घेतलं, उद्या काय काढून घ्याल ते सांगता येत नाही."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं चमकून वर पाहिलं. रंगांची गोष्ट तिलाही त्याच क्षणी कळली होती. तिनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि मग सोडला नाही.

कुणी घोषणा दिल्या नाहीत, वाद घातला नाही. माणसं उठली, खाली पॅकिंगच्या दाराशी गेली, बंद दाराकडे बघून परतली. रविवार होता, मंगलाताई घरी होत्या. त्या दिवशी त्या मुद्दाम आल्या नव्हत्या. "माझ्या तोंडाकडे बघून कोनी बोलायला नको," असं नंतर म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात बैठकीला कुणीच आलं नाही. कँटीनवाल्यानं चहाचं पातेलं चढवलं होतं. समीर अकरा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत रिकाम्या टेबलांमध्ये बसून होता. मी जिन्यावरून पाहत होतो. मला त्याची दया आली. हीच टेबलं तो कॉलेजात असताना भरलेली असायची आणि तो या टेबलावरून त्या टेबलावर खेळत फिरायचा.

सोमवारी तो पॅकिंगमध्ये गेला आणि मंगलाताईंसमोर जमिनीवर बसला. बायकांनी हात थांबवले.

"ताई, काय करू?"

त्यांनी हातातली गड्डी पूर्ण बांधली. "उरनला चला," म्हणाल्या. "आधी तिथं. बाकीचा मागून बघू."

समीरच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. मी मागे, मांडीवर ते पार्सल. जासईजवळ मंगलाताईंनी खिडकीबाहेर बोट दाखवून आपल्या बापाचं मिठागर कुठं होतं ते सांगितलं. तिथं आता कंटेनर एकावर एक रचलेले होते.

शाळेत जागृतीनं आम्हाला वर्गात नेलं. तिचा चेहरा कडक होता. मुली उभ्या राहून एकसुरात नमस्ते म्हणाल्या. समीर पुढे झाला. भाषण करणारा माणूस, पण त्याला सुरुवात सापडेना. शेवटी म्हणाला, "आम्ही तुम्हाला एक पत्र पाठवलं होतं. ते चुकीचं होतं. तुमचे पत्ते आम्ही परत आणलेत."

मी पार्सल टेबलावर ठेवलं. मलाही काहीतरी बोलायला हवं होतं. "ते पत्र मी लिहिलं होतं," एवढंच म्हणालो. जागृतीनं माझ्याकडे पाहिलं. मान किंचित हलवली.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मंग आमी इकू शकतो?"

"हो," समीर म्हणाला.

"लिवून द्या," ती म्हणाली.

वर्ग हसला. समीरही हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. जागृतीनं वहीतलं पान फाडून पुढे केलं. त्यानं लिहिलं, सही केली, तारीख घातली. मुलीनं पान घेऊन वाचलं आणि मागच्या बाकांकडे दिलं. कागद सगळ्या वर्गातून फिरला. मंगलाताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. हसत होत्या की काय ते मला कळलं नाही.

पुढे वकिलांकडून रीतसर कागद झाला. 'खाडीपार'वर ज्याला भर घालायची त्याला कायमची मोकळीक. चिन्ह वापरायचं नाही. द्वेष पसरवणारं काही केलं तर कंपनी हरकत घेईल. अकराही जणांना क्षमापत्रं गेली. ती मी लिहिली, आणि त्यांत 'सदर' नव्हतं. साखळी दुकानांचा सौदा मोडला. पाच भाषांऐवजी दोनच निघाल्या. आणि एक गोष्ट समीरनं सोडली नाही, पुढच्या नव्या खेळांवर अशी मोकळीक नसेल. मला ते अपुरं वाटलं. मी ताईंना तसं म्हटलं.

"त्याचा नवीन खेल, त्याचा मन," त्या म्हणाल्या. "द्यायचा तं दील, नाय तं नाय दील. पन दिलेला परत घेता येत नाय. त्येवढाच माझा म्हनना व्हता."

माणसं बैठकीला परत आली. सगळी नाही. खोपोलीचे ते घाटवाले कधीच आले नाहीत. मंगलाताई पुन्हा वर, आपल्या टेबलावर आल्या आणि दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला एक फोन संपवला, अंबाडा सारखा केला आणि जिना उतरून गेल्या.

या पावसाळ्यात त्या गेल्या. मला जागृतीचा फोन आला. तिला विचुंब्याहून कळवलं होतं, मला नाही, आणि ते बरोबरच होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या माघात. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला विचुंब्याला गेलो होतो. त्यांच्या वाडीच्या जागी आता सात मजली इमारत आहे आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. वर जायची वेळच आली नाही. खाली, गाड्या लावायच्या जागेत, एका खांबाजवळ त्या खुर्चीवर बसलेल्या होत्या. समोर सिमेंटच्या जमिनीवर खडूनं मोठा चौकोन आखलेला, त्यात रेघा, आणि भोवती इमारतीतल्या चार-पाच बायका उकिडव्या. कुणी बिहारची, कुणी सोलापूरची. एकमेकींची भाषा धड येत नव्हती. सोंगट्या म्हणून फुटक्या बांगड्यांचे तुकडे. बहुधा मंगलाताईंच्या माहेरचा खेळ असावा. मला माहीत नव्हता आणि कुठल्याही पुस्तकात नसणार.

मी पत्रिका घेऊन जरा लांब उभा राहिलो. बिहारच्या बाईनं चाल खेळली, सोलापूरच्या बाईनं तिचा हात धरून 'नाही नाही' केलं. दोघी मंगलाताईंकडे बघायला लागल्या. त्यांनी निवाडा दिला नाही. खुर्चीतून पुढे वाकल्या, पायातली चप्पल काढून पायाच्या अंगठ्यानं खडूची एक रेघ पुसली, शेजारी दुसरी काढायची खूण केली आणि भुवया उंचावून विचारलं, असं चालेल? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चालेल म्हणाल्या.

मग त्यांना मी दिसलो. डाव चालू होता. हातानंच खूण केली, थांब.